गुण कापले, पण शिस्त आली काय?

११ मार्च २०१८ रोजी उत्तर ग्रीसमधील थेस्सालोनिकी शहरात पाओक आणि एईके अथेन्स या दोन क्लबांमधील फुटबॉलचा सामना अखेरच्या घटकेला आला होता. तोवर एकही गोल झाला नव्हता. नव्वदाव्या मिनिटाला पाओकच्या खेळाडूने चेंडू जाळ्यात धाडला. पंचांनी तो गोल अवैध ठरविला. आणि काही क्षणांतच पाओकचे मालक इव्हान साव्विदिस आपल्या अंगरक्षकांसह मैदानात उतरले. त्यांच्या कमरेला लटकणाऱ्या पिस्तुलाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. सामना अर्धवट राहिला. सरकारने सारी लीगच स्थगित केली. मार्च संपण्यापूर्वी शिस्तपालन समितीचा निर्णय आला : सामना ३-० असा एईकेला बहाल, पाओकचे ३ गुण वजा, क्लबला ६३ हजार युरो दंड, मालकांना १ लाख युरो दंड आणि तीन वर्षे मैदानबंदी. त्या वर्षीचे विजेतेपद एईकेला मिळाले. १९९४ नंतर प्रथमच.

साव्विदिस यांनी पुढे जाहीर माफी मागितली आणि ते प्रकरण तेवढ्यापुरते मिटले. परंतु त्यातून उभा राहिलेला प्रश्न मिटलेला नाही. क्लबच्या मालकाने, त्याच्या हिशेबनिसाने अथवा त्याच्या प्रेक्षकांनी केलेल्या अपराधाबद्दल खेळाडूंनी मैदानावर मिळविलेले गुण कापावेत काय? कापावेत तर कोणी, किती आणि कोणत्या अपराधासाठी? ग्रीसने गेल्या पंधरा वर्षांत हे हत्यार इतक्या वेळा उपसले आहे की, त्या अनुभवाचा ताळेबंद मांडणे आता अशक्य नाही. आणि तो ताळेबंद केवळ फुटबॉलच्या शौकिनांनीच वाचावा असाही नाही. शिक्षा कोणाला करावी आणि तिचा धाक कशामुळे बसतो, हा प्रश्न शाळेच्या वर्गापासून राज्यकारभारापर्यंत सर्वत्र एकच असतो.

गुण हे कसले चलन?

आर्थिक दंड आणि गुणकपात यांत वरवर पाहता फरक केवळ मात्रेचा वाटतो. वस्तुतः तो जातीचा फरक आहे. दंडाची रक्कम क्लबच्या तिजोरीतून महासंघाच्या तिजोरीत जाते. इतर क्लबांचे त्यात काही जात नाही अथवा येत नाही. गुणांची गोष्ट वेगळी. गुणतालिकेतील स्थान ही सापेक्ष वस्तू आहे. एकाचे तीन गुण गेले म्हणजे त्याच्या खालच्या प्रत्येकाला न खेळता तीन गुणांचा लाभ झाला. कोणी युरोपातील स्पर्धांना पात्र ठरतो, कोणी खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचतो. अर्थात, गुणकपात ही शिक्षा असते तशीच ती एक वाटपही असते. आणि ज्याला वाटा मिळतो त्याचा अपराधाशी काही संबंध असतोच असे नाही.

२०१७-१८ च्या तालिकेतच हे पाहता येते. अखेरीस एईकेचे ७० गुण झाले, पाओकचे ६४. कापलेले ३ गुण परत दिले असते तरी पाओक ६७ वरच थांबला असता. म्हणजे विजेतेपद केवळ कपातीमुळे गेले असे म्हणता येणार नाही. परंतु तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला असता, पाओकचे गुण कापले गेले नसते आणि बाकीचे सारे निकाल तसेच राहिले असते, तर दोन्ही क्लबांचे ६८-६८ गुण झाले असते. तो गोल वैध ठरला असता तर पाओक ७० आणि एईके ६७ ! एका सायंकाळच्या अविचाराची किंमत केवढी असू शकते हे यावरून ध्यानी यावे. त्याचबरोबर हेही ध्यानी यावे की, हा सारा हिशेब मैदानावर नव्हे, तर समितीच्या टेबलावर झाला.

ग्रीक लीगच्या जुन्या नियमांत या बाबतीत एक शहाणपण दडलेले होते. १९५९ ते १९७३ या काळात तेथे विजयाला ३, बरोबरीला २ आणि पराभवालाही १ गुण मिळत असे. जो संघ सामना सोडून देई त्याच्या पदरी मात्र शून्य पडे. हरण्यात कमीपणा नाही, खेळ मोडण्यात आहे, हेच त्या एका गुणातून सांगितले जात होते. पुढे ती पद्धत गेली आणि पराभवाची किंमत शून्य झाली. हा बदल क्षुल्लक वाटतो, परंतु पुढील विवेचनाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

हरलेल्या सामन्याचे गणित

ग्रीसमधील अर्धवट राहिलेल्या काही मोठ्या सामन्यांकडे पाहावे. मार्च २०१२ मध्ये अथेन्स येथे पानाथिनाइकोस आणि ऑलिंपियाकोस यांचा सामना दंगलीमुळे थांबला, तेव्हा यजमान पानाथिनाइकोस ०-१ असा मागे होता. एप्रिल २०१३ मध्ये एईकेच्या प्रेक्षकांनी पानथ्राकिकोसविरुद्धच्या सामन्यात मैदानावर धाव घेतली, ती सामना संपण्यास तीन मिनिटे असताना आपल्याच खेळाडूकडून स्वतःच्या जाळ्यात गोल झाल्यावर. मार्च २०१६ मध्ये चषक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पाओक १-२ असा पिछाडीवर असताना अखेरच्या मिनिटांत सामना मोडला. मार्च २०१९ मध्ये पुन्हा पानाथिनाइकोस आणि ऑलिंपियाकोस. पुन्हा यजमान ०-१ असा मागे. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास जर्मन पंचांनी खेळ थांबविला. सामना ऑलिंपियाकोसला मिळाला आणि पानाथिनाइकोसचे ३ गुण कापले गेले.

चारही वेळा यजमान हरत होते, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. हरत आलेला सामना ०-३ असा बहाल झाला, तर गमावण्यासारखे उरलेलेच काय असते? पराभवाला शून्य गुण आणि दंगलीलाही शून्य गुण, असा भाव असेल तर दंगल फुकट पडते. म्हणूनच सामना बहाल करण्याच्या जोडीला जास्तीचे गुण कापण्याची तरतूद आवश्यक ठरते. जो माल विनामूल्य मिळतो त्याची मागणी अमर्याद असते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा येथेही लागू पडतो. गुणकपात सरसकट रद्द करावी असे म्हणणाऱ्यांनी या गणिताचे उत्तर प्रथम द्यावयास हवे.

दंडाने हे काम भागत नाही, हेही उघड आहे. ६३ हजार युरो ही रक्कम लहान गावच्या क्लबाला जड जाईल. ज्याच्या मागे धनाढ्य उद्योगपती उभा आहे त्याला ती खर्चाच्या वहीतील एक ओळ वाटते. श्रीमंत आणि गरीब अशा दोघांनाही सारखाच खुपेल असा एकच पदार्थ लीगजवळ आहे आणि तो म्हणजे गुण.

निदान तत्त्वतः तरी असे म्हणता येते. व्यवहारात मात्र तीन गुण सर्वांना सारखे खुपत नाहीत. २०१३ मध्ये एईकेचे ३ गुण गेले आणि खालच्या श्रेणीत जाण्याच्या काठावर उभा असलेला तो क्लब आपल्या इतिहासात प्रथमच पहिल्या श्रेणीबाहेर फेकला गेला. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या निर्वासितांनी १९२४ मध्ये स्थापन केलेला हा क्लब कर्जाने आधीच वाकला होता; अखेर त्याने तिसऱ्या श्रेणीतून नव्याने सुरुवात करण्याचा मार्ग पत्करला आणि तो २०१५ मध्ये वर आला. उलट २०१८-१९ च्या मोसमात पाओकच्या खात्यातून २ गुण वजा होते, तरी त्या संघाने तीसपैकी २६ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडविले, एकही गमावला नाही आणि ८० गुणांनिशी १९८५ नंतरचे पहिले विजेतेपद मिळविले. एकाला जो घाव मर्मी लागला तो दुसऱ्याला जाणवलाही नाही. तेव्हा गुणकपात ही समान शिक्षा आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ती समान आकड्याची शिक्षा आहे, एवढेच.

पापाचा वाटेकरी कोण?

या शिक्षेवरचा मुख्य आक्षेप नैतिक आहे आणि तो दुर्लक्षणीय नाही. परीक्षेत एका विद्यार्थ्याने नक्कल केली म्हणून साऱ्या वर्गाचे गुण कापणाऱ्या शिक्षकाला कोणी न्यायी म्हणणार नाही. दगड भिरकावणारा प्रेक्षक निराळा, घाम गाळणारा खेळाडू निराळा, आणि वर्षभराचे तिकीट काढून मुलाबाळांसह शांतपणे सामना पाहणारा कारकून त्याहून निराळा. सुक्याबरोबर ओले जळते, हे जंगलाच्या वणव्यात क्षम्य असेल, न्यायात नव्हे.

परंतु या आक्षेपाला दुसरी बाजू आहे. क्लब हा दंगलखोर प्रेक्षकांना सर्वस्वी परका नसतो. कोणत्या दाराने कोण आत येतो, कोणाला तिकिटे मिळतात, कोणत्या कोपऱ्यात कोणती टोळी बसते, हे पोलिसांच्या आधी क्लबला कळते. अपाय टाळण्याचा खर्च ज्याला सर्वांत कमी येतो त्याच्यावर त्याची जबाबदारी टाकावी, हे तत्त्व कारखान्यांतील अपघातांच्या बाबतीत कायद्याने कधीच स्वीकारले आहे. ते क्रीडांगणाला लागू करण्यात गैर काही नाही. मात्र त्यातून एक मर्यादाही निष्पन्न होते : क्लबला जे रोखता आले असते, तेवढ्यापुरतीच त्याला शिक्षा व्हावी.

ही मर्यादा ग्रीसमध्ये रक्ताने अधोरेखित झाली आहे. २००७ मध्ये अथेन्सजवळ टोळ्यांच्या मारामारीत एक तरुण मारला गेला; निमित्त होते महिलांच्या व्हॉलीबॉल सामन्याचे. २०२२ च्या फेब्रुवारीत थेस्सालोनिकीत एकोणीस वर्षांच्या एका मुलाचा खून झाला. तेथे कोणताही सामना चालू नव्हता, भर रस्त्यात त्याला तो कोणत्या संघाचा असे विचारण्यात आले होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अथेन्समध्ये एईकेचा एक समर्थक परदेशी टोळीच्या हल्ल्यात प्राणास मुकला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणखी एका व्हॉलीबॉल सामन्याबाहेर जखमी झालेला पोलीस पुढे मरण पावला. यांतील एकही मृत्यू फुटबॉल लीगच्या गुणतालिकेच्या कक्षेत येत नाही. कोणाचे गुण कापणार? आणि कापून त्या मुलाच्या आईला काय सांगणार?

पोलिसावरील त्या हल्ल्यानंतर सरकारने दोन महिने लीगचे सारे सामने प्रेक्षकांविना खेळविण्याचा आदेश काढला आणि त्यानंतर कॅमेरे व ओळख पटविणारी इलेक्ट्रॉनिक तिकिटे यांची सक्ती केली. यांतील पहिला उपाय पुन्हा सामूहिक शिक्षेचाच होता. दुसरा मात्र योग्य दिशेचा आहे. ज्याने हात उगारला त्याचे नाव आणि चेहरा समजला की, त्याच्याऐवजी अकरा खेळाडूंना धरण्याची गरज उरत नाही. दगड मारणाऱ्याला न्यायालयाने पाहावे. दार उघडे टाकणाऱ्या क्लबला लीगने.

घासाघिशीचा बाजार

आक्षेपाचे आणखी एक कलम आहे आणि ग्रीसच्या बाबतीत तेच सर्वांत गंभीर आहे. इटालियन विचारवंत बेक्कारिया याने १७६४ मध्येच सांगून ठेवले की, अपराधाला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्यामुळे नव्हे, तर तिच्या अटळपणामुळे. १९६८ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी हाच विचार हिशेबाच्या भाषेत मांडला : अपराध करू पाहणारा माणूस शिक्षेची मात्रा आणि ती प्रत्यक्षात होण्याची शक्यता या दोहोंचा गुणाकार मनात करीत असतो. शक्यता शून्याजवळ असेल तर मात्रा कितीही वाढवा, गुणाकार वाढत नाही.

या कसोटीवर ग्रीसचा अनुभव तपासावा. २०११ मध्ये सामन्यांच्या निकालांत फेरफार केल्याचे प्रचंड प्रकरण उघडकीस आले. ऑलिंपियाकोस व्होलू आणि कावाला या क्लबांना प्रथम पदावनतीची शिक्षा झाली. अपिलात ती गुणकपातीवर उतरली. आणि अल्पावधीतच परवाने देणाऱ्या समितीने दोघांनाही चौथ्या श्रेणीत ढकलले. एका उन्हाळ्यात एकाच अपराधाला तीन निकाल! फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑलिंपियाकोसच्या प्रशिक्षकाला प्रेक्षकांतून भिरकावलेली कागदाची गुंडाळी लागली, सामना झालाच नाही आणि पाओकचे ३ गुण कापले गेले. अपिलात ते परत मिळाले. पिस्तुलाचे प्रकरण घडले ते त्यानंतर लगेचच.

२०२० चे प्रकरण तर या साऱ्यांवर कळस चढविणारे. पाओक आणि क्सांथी हे दोन क्लब एकाच मालकीच्या छत्राखाली असल्याची तक्रार प्रतिस्पर्धी ऑलिंपियाकोसने केली. एका मालकाचे दोन संघ एकाच लीगमध्ये असणे हा स्पर्धेच्या मुळावरच घाव होय. म्हणून कायद्यात त्याला पदावनतीची शिक्षा होती. व्यावसायिक क्रीडा समितीने जानेवारीत तशी शिफारस करताच देशात, विशेषतः उत्तरेत, खळबळ माजली. आणि सरकारने घाईघाईने संसदेत कायदा बदलून पदावनतीच्या जागी गुणकपात आणली. त्यानुसार पाओकचे ७ आणि क्सांथीचे १२ गुण कापले गेले. काही आठवड्यांनी अपील समितीने तेही परत केले.

कोणाचा अपराध होता आणि कोणाचा नव्हता, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. कदाचित अपील समितीचेच खरे असेल. प्रश्न आहे तो कायद्याच्या प्रतिष्ठेचा. आरोपी पिंजऱ्यात उभा असताना शिक्षेचे कलम बदलले जाते, हे एकदा लोकांनी पाहिले की, पुढचा प्रत्येक निर्णय त्यांना कायद्याचा न वाटता बळाबळाचा वाटू लागतो. म्हातारी मेल्याचे दुःख नसते. काळ सोकावतो त्याचे असते.

सरकारलाही या बाबतीत पूर्ण मोकळीक नाही. जागतिक महासंघ फिफाने सरकारी हस्तक्षेपाच्या कारणास्तव जुलै २००६ मध्ये ग्रीसला निलंबित केले होते. त्याला युरोपचे अजिंक्यपद मिळवून दोनच वर्षे झाली होती. काही दिवसांत कायदा दुरुस्त झाला आणि निलंबन उठले. २०१६ मध्ये सरकारने चषक स्पर्धा रद्द केली तेव्हाही महासंघांचे दडपण आले आणि स्पर्धा पुन्हा सुरू झाली. म्हणजे क्लबांवर महासंघाचा वचक नाही, महासंघावर सरकारचा चालत नाही, आणि सरकारवर क्लबांच्या लक्षावधी समर्थकांचा मात्र चालतो, असे हे वर्तुळ आहे. या वर्तुळात तीन गुणांची सुरी कितीही धारदार केली तरी ती धरणारा हात थरथरतोच.

हा रोग केवळ ग्रीसचा आहे असे मात्र समजू नये. इटलीत २०२३ मध्ये युव्हेंटसचे आधी १५ गुण कापले, मग ते परत दिले आणि मोसम संपत आला असताना १० गुण पुन्हा कापले. इंग्लंडमध्ये २०२३-२४ मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे १० गुण गेले, अपिलात ते ६ झाले आणि नंतर दुसऱ्या प्रकरणात आणखी २ कापले गेले. फरक एवढाच की, तेथे निर्णय बदलला तरी कायदा बदलला नाही.

निष्कर्ष

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष गुणकपातीच्या विरुद्ध जात नाही; तिच्या सैल वापराविरुद्ध जातो. जे अपराध क्लबच्या कार्यालयात बसून होतात, त्यांना ही शिक्षा योग्यच आहे. खेळाडूंचे वेतन थकविणे, छुपी मालकी, निकालांची खरेदी हे ते अपराध. पानाथिनाइकोससारख्या मातब्बर क्लबाला २०१८-१९ ची सुरुवात थकलेल्या देण्यांपायी उणे ६ गुणांनी करावी लागली, यात अन्याय दिसत नाही. देणी बुडवून घेतलेल्या खेळाडूंच्या बळावर मिळविलेले गुण हे एका अर्थी उसनेच असतात. ते परत घेतले तर तक्रार कसली? प्रेक्षकांच्या दंगलीबाबत मात्र क्लबचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच, आणि तेवढ्याच प्रमाणात, गुण कापावेत. या दोन्हींसाठी मोसमापूर्वी छापील कोष्टक असावे, निर्णयाला आणि अपिलालाही दिवसांची मुदत असावी, अपील ऐकणारे न्यायाधीश क्लबांच्या आणि मंत्र्यांच्या कृपेवर अवलंबून नसावेत, आणि चालू प्रकरणाला बदललेले कलम लावू नये.

या मागण्या काही क्रांतिकारक नाहीत. कोणत्याही बऱ्या शाळेत परीक्षेचे नियम यापेक्षा वेगळे नसतात. प्रश्नपत्रिका वाटल्यावर गुणांची विभागणी बदलणाऱ्या शिक्षकाचा धाक राहत नाही. विद्यार्थी मग अभ्यास सोडून शिक्षकाच्या घरी खेटे घालू लागतात. ग्रीक फुटबॉलमध्ये नेमके तेच झाले आहे. सामना नव्वद मिनिटांत संपतो, परंतु त्याचा निकाल लागावयास महिने लागतात, आणि तोवर प्रत्येक बाजूच्या तरुणांना आपण लुटले गेलो अशी खात्री पटलेली असते. रस्त्यावर निघणारा सुरा याच खात्रीवर पाजळला जातो. गुणतालिका ही पराभूताने मान खाली घालून मान्य करावयाची गोष्ट आहे. ती त्याला मान्य करता येईल इतकी स्वच्छ ठेवणे, हीच शिस्तीची पहिली अट होय.